भाषाविकार, बोली आणि तंत्रज्ञान : शहापूर व मुरबाड तालुक्यांच्या संदर्भात

सारांश : भाषाविकार असलेल्या व्यक्तींना संगणक, भ्रमणध्वनी व ध्वनितंत्रज्ञान यांची मदत होऊ शकते, हे आता सर्वमान्य झाले आहे. परंतु ही साधने प्रमाण मराठी गृहीत धरून तयार होतात. ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागातील शहापूर व मुरबाड या तालुक्यांत मात्र घरची बोली आणि शाळेची भाषा यांत अंतर आहे. अशा ठिकाणी बोलीतील भेदाला विकार समजणे आणि खऱ्या विकाराला बोलीचा भेद समजून सोडून देणे, या दोन्ही चुका घडू शकतात. हे तंत्रज्ञान या भागात कोणत्या अटींवर उपयुक्त ठरेल आणि त्यात स्थानिक महाविद्यालयांचा वाटा काय असू शकतो, याची चर्चा प्रस्तुत लेखात केली आहे.

बीजसंज्ञा : भाषाविकार, बोली, वाचाघात, पूरक व पर्यायी संप्रेषण, ठाणे ग्रामीण

प्रस्तावना :

इयत्ता पहिलीच्या वर्गात एखादे मूल महिनोन्‌महिने बोलत नाही. शिक्षकांनी विचारलेल्या प्रश्नाला मान हलवते, एखादा शब्द उच्चारते आणि पुन्हा गप्प बसते. या मौनाचे दोन अर्थ संभवतात. पहिला असा की मुलाच्या घरी कातकरी किंवा ठाकरी बोलली जाते आणि पाठ्यपुस्तकातील मराठी त्याच्यासाठी जवळजवळ नवी भाषा आहे. दुसरा असा की त्याला घरच्या बोलीतही शब्द सापडत नाहीत, वाक्य जुळवता येत नाही. म्हणजेच त्याला भाषाविकार आहे. पहिल्या मुलाला वेळ आणि त्याच्या बोलीचा आधार हवा असतो. दुसऱ्याला उपचार हवा असतो आणि तो जितक्या लवकर मिळेल तितका परिणामकारक ठरतो. वर्गात मात्र ही दोन्ही मुले सारखीच दिसतात.

भाषाविकारांसाठी उपलब्ध असलेल्या तंत्रज्ञानाचे मूल्यमापन या प्रश्नापासून सुरू होणे आवश्यक आहे. एखादे साधन किती आधुनिक आहे यापेक्षा ते या दोन मुलांमधील फरक ओळखू शकते काय आणि त्यांच्याशी त्यांच्या बोलीत बोलू शकते काय, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे आहेत.

भाषाविकाराचे स्वरूप :

वाचाविकार आणि भाषाविकार या संज्ञा व्यवहारात एकाच अर्थाने वापरल्या जात असल्या तरी त्यांत भेद आहे. उच्चार, आवाज किंवा बोलण्याचा ओघ यांत दोष असणे म्हणजे वाचाविकार. तोतरेपणा किंवा टाळू फाटलेली असल्यामुळे येणारा नाकातला आवाज ही त्याची उदाहरणे होत. शब्दांचा अर्थ समजणे, योग्य शब्द आठवणे, वाक्यरचना करणे यांत अडचण येणे म्हणजे भाषाविकार. बोबडे बोलणाऱ्या मुलाची भाषा पूर्ण असू शकते आणि स्पष्ट उच्चार करणाऱ्या मुलाची भाषा अपुरी असू शकते.

भाषाविकार प्रामुख्याने दोन वयोगटांत आढळतात. श्रवणदोष, स्वमग्नता किंवा बौद्धिक अक्षमता यांसारखे कारण नसतानाही काही मुलांची भाषा वयानुरूप विकसित होत नाही. याला २०१७ पासून आंतरराष्ट्रीय पातळीवर ‘विकासात्मक भाषाविकार’ असे नाव रूढ झाले आहे. अमेरिकेत टॉम्ब्लिन व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बालवर्गातील सुमारे ७ टक्के मुलांमध्ये अशा प्रकारचा विकार आढळला होता. दुसरा मोठा गट प्रौढांचा आहे. पक्षाघाताचा झटका किंवा डोक्याला मार लागल्यामुळे मेंदूतील भाषेशी संबंधित भागास इजा होते आणि अवगत असलेली भाषा अंशतः वा पूर्णतः हरवते. याला वाचाघात म्हणतात. वाचाघात झालेल्या व्यक्तीची बुद्धी व स्मृती बहुधा शाबूत असते. पण ‘बोलता येत नाही म्हणजे कळत नाही’ असा आजूबाजूच्यांचा समज होतो आणि कुटुंबातील निर्णयांतून ती व्यक्ती हळूहळू बाजूला पडते.

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात वाचेसंबंधी अपंगत्व असलेल्या व्यक्तींची संख्या १९,९८,५३५ इतकी नोंदली गेली. या नोंदीत कुटुंबाला उघड दिसणारे अपंगत्वच प्रामुख्याने येते. विकासात्मक भाषाविकार असलेले मूल चालते, ऐकते, थोडेफार बोलते. त्यामुळे ते अशा मोजणीत सहसा सापडत नाही. १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमात वाचा व भाषा यांना स्वतंत्र स्थान नव्हते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने २१ प्रकारांत ‘वाचा व भाषा दिव्यांगत्व’ समाविष्ट केले, ही महत्त्वाची सुधारणा होय. तथापि त्याची व्याख्या शारीरिक वा मज्जासंस्थेच्या कारणांमुळे आलेल्या कायमस्वरूपी दिव्यांगत्वापुरती आहे. वाचाघाताचा तीत स्पष्ट उल्लेख आहे. विकासात्मक भाषाविकाराचा नाही.

बोलीभेद आणि विकार :

शहापूर व मुरबाड तालुक्यांत कुणबी, आगरी, ठाकूर, महादेव कोळी, वारली, कातकरी असे अनेक समाज राहतात. यांपैकी कातकरी समाजाची गणना केंद्र शासनाने विशेष असुरक्षित आदिवासी समूहांत केली आहे. या परिसरातील बोलींची दखल ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या १९०५ मध्ये प्रकाशित झालेल्या सातव्या खंडात घेतली गेली. अलीकडे २०१३ मध्ये अरुण जाखडे यांनी संपादित केलेला भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड प्रसिद्ध झाला. तसेच पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयाने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण करून ध्वनिमुद्रणे अभ्यासकांसाठी खुली केली आहेत.

बोलीच्या प्रश्नाचा भाषाविकाराशी असलेला संबंध एका साध्या उदाहरणाने स्पष्ट होतो. उत्तर कोकणातील अनेक बोलींत ‘ण’ च्या जागी ‘न’ उच्चारला जातो. ‘पाणी’ ऐवजी ‘पानी’ म्हणणारे मूल आपल्या बोलीचा नियम अचूक पाळत असते. परंतु प्रमाण उच्चारावर आधारलेली चाचणी तो उच्चारदोष म्हणून नोंदवील. व्याकरणाच्या बाबतीतही हेच घडते. प्रमाण मराठीत ‘त्याने आंबा खाल्ला’, ‘त्याने भाकरी खाल्ली’ अशी क्रियापदे कर्मानुसार बदलतात. नामाला प्रत्यय लागण्यापूर्वी त्याचे सामान्यरूप होते, जसे ‘घोडा – घोड्याला’. भाषाविकार असलेल्या मुलाला अशा रूपांत अडचण येते काय, हे तपासणे योग्यच आहे. पण ज्या बोलीत ही रूपे वेगळी आहेत त्या बोलीच्या मुलाला प्रमाण रूपांच्या कसोटीवर अपात्र ठरवणे अन्यायकारक होईल.

याच्या उलट चूक अधिक घातक असते, कारण ती कोणाच्या लक्षात येत नाही. ‘पाड्यावरची मुले लाजरीच असतात’, ‘मोठे झाले की बोलेल’ असे म्हणून खरोखर विकार असलेल्या मुलाची पाच-सहा वर्षे वाया जातात.

या दोन्हींत फरक करण्याचे एक भक्कम तत्त्व वाक्-भाषाशास्त्रात मान्य आहे. विकार हा मुलाच्या भाषाक्षमतेत असतो. त्यामुळे त्याला येणाऱ्या सर्व भाषांत त्याचा परिणाम दिसतो. भेद मात्र केवळ नव्या भाषेत दिसतो. जे मूल वर्गात गप्प असते पण अंगणात भावंडांशी गोष्टी रचते, भांडते, गाणी म्हणते, त्याला विकार असण्याची शक्यता कमी. जे मूल घरीही तुटक बोलते, जे धाकट्या भावंडाच्या मागे पडले आहे आणि जे साध्या सूचना समजण्यासाठी हातवाऱ्यांवर अवलंबून असते, त्याची तपासणी झालीच पाहिजे. म्हणजेच घरच्या बोलीतील माहितीशिवाय निदान पूर्ण होऊ शकत नाही.

उपलब्ध तंत्रज्ञान आणि त्याच्या मर्यादा :

१) ओळख व चाचणी : वाचन-लेखनाच्या विकारासाठी मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने विकसित केलेला ‘डाली’ हा चाचणीसंच २०१५ मध्ये हिंदी, मराठी, कन्नड व इंग्रजी या भाषांत उपलब्ध झाला. भारतीय भाषांसाठी स्वतंत्र चाचण्या असाव्यात हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले. मात्र घरी वेगळी बोली बोलणाऱ्या मुलाचे मराठी चाचणीतील गुण सावधपणेच वाचावे लागतात. चित्रांची निवडही महत्त्वाची असते. चित्रात सिमेंटचे घर, लिफ्ट किंवा केक दाखवून शब्द विचारला तर कुडाच्या घरात वाढलेल्या मुलाचे मौन शब्दाभावाचे नसून अनुभवाभावाचे असू शकते.

चाचणीपूर्वी श्रवणाची खात्री करून घेणे अनिवार्य आहे, कारण ऐकू न येणे हे भाषा न येण्याचे एक प्रमुख कारण आहे. मेंदूच्या विद्युत प्रतिसादावरून नवजात बालकाचे श्रवण तपासणारे ‘सोहम’ हे भारतीय बनावटीचे उपकरण २०१७ मध्ये सादर झाले. बालकाने कोणताही प्रतिसाद देण्याची गरज नसल्याने अशा तपासणीत बोलीचा अडसर येत नाही.

२) पूरक व पर्यायी संप्रेषण : ज्या व्यक्तीला बोलता येत नाही तिला चित्र, खूण किंवा यंत्राच्या आवाजाद्वारे संवाद साधता यावा, या हेतूने विकसित झालेल्या पद्धतींना पूरक व पर्यायी संप्रेषण म्हणतात. चेन्नईत अजित नारायणन यांनी विकसित केलेली ‘आवाज’ ही प्रणाली भारतात या क्षेत्रातील आरंभीच्या प्रयत्नांपैकी एक होय. भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई येथे तयार झालेले ‘जेलो’ हे उपयोजन विनामूल्य असून ते मराठीतही आहे. त्यात खाणे, खेळणे, माणसे, ठिकाणे अशी चित्रे असून त्यांच्या जोडीला आवडते–नावडते, हो–नाही, अधिक–कमी असे भाव व्यक्त करणारी सहा बटणे आहेत. एक चित्र आणि एक भाव यांच्या जोडीतून संपूर्ण वाक्य ऐकू येते.

अशा साधनांविषयी पालकांच्या मनात एक स्वाभाविक भीती असते : चित्रावर बोट ठेवून काम भागले तर मूल बोलण्याचा प्रयत्नच सोडून देईल. मिलर, लाइट व श्लोसर यांनी २००६ मध्ये पूर्वीच्या अभ्यासांचा जो आढावा घेतला, त्यात ही भीती निराधार ठरली. भक्कम पुरावा असलेल्या २७ व्यक्तींपैकी एकाचेही बोलणे कमी झाले नाही. ८९ टक्के व्यक्तींच्या बोलण्यात वाढच दिसली. ही माहिती पालकांपर्यंत पोहोचणे साधनाइतकेच आवश्यक आहे.

मर्यादा अशी की चित्रसंच आणि आवाज दोन्ही शहरी वळणाचे असतात. तांदळाची भाकरी, मोहाची फुले, भाताचे खाचर, राब, आवणी, वीटभट्टी हे शब्द ज्या मुलाच्या दैनंदिन जीवनात आहेत त्याला ते संचात सापडले पाहिजेत. यंत्राच्या कृत्रिम वाचेलाही मराठीच्या काही अडचणी आहेत. ‘चंद्र’ व ‘चाक’ यांतील ‘च’ चे उच्चार भिन्न असूनही लिपी ते वेगळे दाखवत नाही. प्रमाण उच्चारांचीच ही गत असेल तर बोलींची अपेक्षा त्याहून कमीच ठेवावी लागते. ज्या साधनांत स्वतःची छायाचित्रे व ध्वनिमुद्रण समाविष्ट करता येते, ती या भागासाठी अधिक योग्य होत. जेथे भ्रमणध्वनी घरातील एकाच व्यक्तीकडे असतो व ती दिवसभर कामावर असते, तेथे जाड कागदावरील चित्रफलक हेच साधन सर्वाधिक विश्वसनीय ठरते.

३) वाचाघातावरील संगणकीय सराव : इंग्लंडमधील रेबेका पामर व सहकाऱ्यांनी वाचाघात झालेल्या २७८ व्यक्तींवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात रुग्णांनी स्वतःसाठी महत्त्वाचे शब्द निवडले आणि घरच्या घरी संगणकावर त्यांचा सराव केला. साहाय्यक व स्वयंसेवकांनी त्यांना मदत केली. सराव केलेले शब्द आठवण्यात लक्षणीय सुधारणा झाली. तथापि प्रत्यक्ष संभाषणात तशी सुधारणा आढळली नाही. या निष्कर्षातून दोन बोध मिळतात. शब्द रुग्णाच्या जीवनातील असले पाहिजेत आणि त्याचा सराव तज्ज्ञाच्या मार्गदर्शनाखाली प्रशिक्षित सामान्य व्यक्तीही घेऊ शकते. परंतु शब्द परत मिळाल्याने संवाद आपोआप परत मिळत नाही. त्यासाठी समोर बोलणारा माणूस लागतो.

४) ध्वनिओळख : गूगलच्या बोलून टंकलेखन करण्याच्या सुविधेत ऑगस्ट २०१७ मध्ये मराठीचा समावेश झाला. ज्यांना लिहिणे कठीण जाते अशा व्यक्तींना तिचा उपयोग होतो. परंतु अशा प्रणाली ओघवत्या व प्रमाण उच्चारांच्या नमुन्यांवर घडवल्या जातात. अडखळत किंवा अस्पष्ट बोलणाऱ्या व्यक्तीचे बोलणे त्या चुकीचे टिपतात आणि त्यात बोलीची भर पडली की चुका वाढतात. म्हणून ध्वनिओळखीच्या आधारे विकाराचा निष्कर्ष काढणे आज तरी धोक्याचे आहे.

५) दूरउपचार : म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक्‌-श्रवण संस्थेसारख्या संस्थांनी दूरस्थ पद्धतीने तपासणी व उपचार करण्याची व्यवस्था उभारली आहे. प्रवासाचा खर्च वाचणे हा त्याचा मोठा लाभ होय. मात्र सह्याद्रीच्या पायथ्याच्या पाड्यांवर भ्रमणध्वनीची रेंज सर्वत्र सारखी नसते. शिवाय पडद्यावरील तज्ज्ञाला मुलाची बोली समजत नसेल तर मध्ये दुभाष्या लागतो.

शहापूर–मुरबाड येथील वस्तुस्थिती :

बालकांच्या आरोग्यतपासणीच्या देशव्यापी योजनेचा आरंभ याच परिसराजवळ झाला, ही उल्लेखनीय बाब आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे उद्‌घाटन ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे झाले. त्या वेळी पालघर ठाणे जिल्ह्यातच होते. या कार्यक्रमानुसार फिरत्या पथकाने अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा व शाळेतील मुलांची एकदा तपासणी करावयाची असते. तपासणीच्या यादीत श्रवणदोष, फाटलेली टाळू, स्वमग्नता यांबरोबर भाषाविकासातील विलंबही आहे. पथकाच्या रचनेत दोन आयुष वैद्यकीय अधिकारी, एक परिचारिका व एक औषधनिर्माता असतात; वाचाउपचारतज्ज्ञाची योजना जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात आहे.

म्हणजे संशय गावात निर्माण होतो आणि उत्तर जिल्ह्याच्या ठिकाणी मिळते. या दोहोंमधील अंतर हाच मूळ प्रश्न आहे. शहापुरात उपजिल्हा रुग्णालय आणि मुरबाडमध्ये ग्रामीण रुग्णालय आहे. परंतु भाषाविषयक सखोल तपासणीसाठी मुंबईकडेच पाहावे लागते. वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था १९८३ पासून कार्यरत आहे. शहापूर तालुक्यातील कुटुंबाने आसनगाव, आटगाव, खर्डी किंवा कसारा येथून लोकल धरली तरी तपासणीसाठी पूर्ण दिवस व मजुरी खर्ची पडते. मुरबाड तालुक्यातील कुटुंबाला प्रथम एस.टी.ने कल्याण गाठावे लागते. भाषोपचार एका भेटीत संपत नाहीत; ते आठवड्यागणिक, अनेक महिने चालतात. त्यातच अनेक कातकरी कुटुंबे भातकापणीनंतर वीटभट्ट्यांवर स्थलांतर करतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. या काळात मुलाचा शाळेशी, अंगणवाडीशी आणि तपासणी पथकाशी असलेला संबंध तुटतो. उपचाराची साखळी जर कुटुंबाबरोबर फिरू शकली नाही, तर ती दरवर्षी नव्याने सुरू होते.

या ठिकाणी तंत्रज्ञानाचे खरे सामर्थ्य दिसते. आईच्या बोलीत ध्वनिमुद्रित केलेले शब्द, मुलाच्या ओळखीची चित्रे आणि सरावाची नोंद एका साध्या भ्रमणध्वनीत किंवा चित्रवहीत कुटुंबाबरोबर भट्टीवर जाऊ शकते.

महाविद्यालयांची भूमिका :

तज्ज्ञ निर्माण करणे हे ग्रामीण कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालयाचे काम नव्हे आणि निदान करण्याचा अधिकारही त्यास नाही. तो भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी झालेल्या व्यावसायिकांचा आहे. मात्र तज्ज्ञाकडे नसलेली एक गोष्ट महाविद्यालयाकडे आहे. ती म्हणजे या बोली मातृभाषा म्हणून बोलणारे विद्यार्थी. त्यादृष्टीने पुढील उपक्रम शक्य आहेत :

१) मराठी विभागाने कातकरी, ठाकरी, वारली, आगरी व कुणबी बोलींतील बालजीवनाशी संबंधित दोन-तीनशे शब्दांची यादी करून ती त्या त्या बोलीच्या विद्यार्थ्यांच्या आवाजात ध्वनिमुद्रित करावी. डेक्कन महाविद्यालयाच्या सर्वेक्षणाची पद्धत यासाठी मार्गदर्शक ठरेल.

२) त्या शब्दांना अनुरूप स्थानिक छायाचित्रे व रेखाचित्रे जमवून खुला चित्रसंच तयार करावा. तो छापील फलक व भ्रमणध्वनी या दोन्ही रूपांत उपलब्ध व्हावा.

३) राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांना वाचाउपचारतज्ज्ञाकडून प्रशिक्षण देऊन अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या व पालक यांना सरावात साहाय्य करण्यासाठी तयार करावे. तपासणीच्या वेळी हेच विद्यार्थी दुभाष्याचे काम करू शकतील.

४) संगणक व विज्ञान विभागांनी इंटरनेटशिवाय चालणारी साधी साधने जुळवून द्यावीत, नवे उपयोजन घडवण्यापेक्षा उपलब्ध उपयोजनात स्थानिक शब्द व आवाज भरणे अधिक उपयुक्त होय.

या सर्व कामांत संमतीचा प्रश्न दुय्यम मानता येणार नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात बालकांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती अपेक्षित आहे. मुलाचा आवाज व त्याच्या अडचणीची नोंद ही खाजगी माहिती होय. शिवाय एखाद्या मुलावर घाईने ‘भाषाविकार’ असा शिक्का बसला तर तो शाळेत व पाड्यावर त्याची पाठ सोडत नाही.

समारोप :

भाषाविकारांवरील तंत्रज्ञान आता खर्चिक यंत्रांपुरते मर्यादित राहिलेले नाही. त्यातील बराच भाग विनामूल्य आणि मराठीत उपलब्ध आहे. शहापूर व मुरबाडसारख्या तालुक्यांत उणीव आहे ती बोलीतील शब्दसामग्रीची आणि साधन वापरून घेणाऱ्या प्रशिक्षित माणसाची. या दोन्ही गोष्टी बाहेरून विकत आणता येत नाहीत. त्या येथेच तयार कराव्या लागतात. वर्गात गप्प बसलेल्या मुलाला प्रथम त्याच्या बोलीत प्रश्न विचारला जावा आणि तरीही उत्तर आले नाही तर त्याला विनाविलंब तज्ज्ञापर्यंत पोहोचवले जावे. तंत्रज्ञानाची उपयुक्तता या दोन कृती किती सुलभ झाल्या, यावरच मोजली गेली पाहिजे.